क्लोरीन लाभफ्लोराइड

मुक्काम हिंगोली, ५ बहमन १३४७ फसली

मेहरबान दोस्त लतीफभाई यांस दत्तोपंत मास्तराचा सलाम आणि रामराम; जो आधी पोचेल तो घ्यावा. खतीजाभाभींचा गुडघा कसा आहे? (निर्गुडीचा पाला हैदराबादेत मिळत नसेल तर इथून पाठवतो.) इकडे सर्व क्षेम. म्हणजे तसं नाही, पण पत्रात लिहायची रीत आहे.

तुम्हांला ठाऊकच आहे, पाच वर्षं मी हंगामी मास्तर. मूळचा गणिताचा, पण सायन्सचे मास्तर बदलून गेले आणि रसायन माझ्या गळ्यात पडलं. त्यात वर्दी आली की शाळाखात्याचे मोहतमीमसाहेब तपासणीला येणार, माझा धडा ऐकणार आणि मला कायम करायचं की घरी बसवायचं ते ठरवणार. धडा कोणता, तर फ्लोरीनच्या संयुगांची नावं! तुम्ही तिकडे रसायनच शिकवता, म्हणून तुम्ही लिहून पाठवलेले नियम मी स्तोत्रासारखे पाठ केले. फ्लोरीन कायम शेवटी, फ्लोराइड होऊन. त्याआधी त्याच्या अणूंची संख्या, एकाला मोनो, दोनाला डाय, तिनाला ट्राय, चाराला टेट्रा, सहाला हेक्झा. पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर त्याची संख्या बोलायची नाही. (शाळेत उर्दू, घरी मराठी, रसायनात ग्रीक. एका तोंडानं माणसानं करावं तरी काय?)

फ्लोरीन शाळेत नव्हता, आणि तो काचसुद्धा खातो म्हणता, तर नव्हता तेच बरं. म्हणून मी मधे एक शेंगदाणा आणि भोवती हरभरे मांडून शिकवलं. तीन हरभरे, की नायट्रोजन ट्रायफ्लोराइड. लिहिताना तिनाचा आकडा खाली, बारीक. गंधकाभोवतीच्या सहापैकी दोन हरभरे पोरांनी खाल्ले, तेव्हा हेक्झाचा टेट्रा झाला. (तेही संयुग असतं म्हणे, म्हणून चालवून घेतलं.) माझी चूक झाली ती हीच. मापाऱ्यांच्या पोरांपुढे धान्य मांडलं! आपल्या मोंढ्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी ‘एक’ म्हणत नाही. लाभ, दोन, तीन, असंच चालतं.

साहेबांनी फळ्यावर क्लोरीनचा एक अणू आणि फ्लोरीनचा एक लिहिला आणि रतनसिंगाला उठवलं. तो छाती काढून म्हणाला, “क्लोरीन लाभफ्लोराइड!”

साहेबांच्या भुवया टोपीला लागल्या. तेवढ्यात महेबूब उठला. “साहेब, त्यो चुकून राहिला. लाभ न्हाई, बरकत! आमचे अब्बा पयल्या मापाला बरकतच म्हणतेत.”

“काहून? हरभरे तर आमच्या घरचे व्हते!” रतनसिंग गरजला, आणि अर्धा वर्ग लाभ, अर्धा बरकत असा गिल्ला झाला. मी ‘मोनो, मोनो’ ओरडत होतो, पण त्या गिल्ल्यात ऐकतो कोण? नोकरी गेली, हे मला स्पष्ट दिसलं. शेवटी साहेबांनी सर्वांना गप्प केलं, मेजावरचे हरभरे पुढे ओढले आणि आम्हांला नीट शिकवण्यासाठी स्वतः मोजायला लागले: “बरकत, दो, तीन...” मग एकदम थांबले, खोकले आणि रजिस्टर मिटून निघून गेले.

आता निकालाची वाट पाहतो आहे. जेवण जात नाही.

आपला,
दत्तोपंत

ता.क. पाकीट चिकटवता चिकटवता हुकूम आला. कायम झालो! तुमची अनुसूयावहिनी रडली, मी दाराआड जाऊन रडलो. साहेबांचा शेरा एवढाच की, ‘मास्तर मेहनती आहेत. यांस पहिलीच्या वर्गावर ठेवावे. रसायन देऊ नये.’

दुसरा ता.क. तेव्हा रसायनाची जागा रिकामी आहे. माहितीचा लायक माणूस आहे का, असं हेडमास्तरांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. हैदराबादेएवढा पगार नाही, पण लतीफभाई, तुमच्यावाचून मला इथं करमत नाही. तोंडावर हे बोलायला जमलं नसतं.

तिसरा ता.क. विचार करायला सवड घ्या, घाई नाही. तुमचा अर्ज मी मघाशीच देऊन आलो. सही हुबेहूब जमली आहे.