खुराड्याच्या दारचा तवा

ती. येसूआत्याला आवडीचा वाकून नमस्कार.

आत्या, आधी माफी मागते. अक्षर वाकडं हाय आनि वेलांट्या चुकलेल्या असतील. तिसरीत शाळा सुटली (गुरं कोन राखनार म्हनून सोडवली) तेवा वेलांट्यांचं शिकायचं राहूनच गेलं. शिवाय मी लिवते फार हळू. एक ओळ होईस्तोवर चुलीवरचा भात लागतो, म्हनून हे पत्र थोडं थोडं करून लिवलंय. तुझी कंबर कशी हाय? मामांचा खोकला मुंबईच्या हवेत कमी झाला का? इकडं सगळी खुशाल हाय, बाचा गुडघा सोडून.

आता खरं सांगते. आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याला रात्री दगडाचा टेकू देऊन जे तांबडं झाकन लावतो ना, ते झाकन नव्हं, तवा हाय. बिडाचा तवा! (उद्गारचिन्ह मी कधी काढत नाय, पन इथं काढलंच.) मागल्या पंधरवड्यात मुंगूस आलं म्हनून मी धावत गेले, तर ते झाकन दगडावर पडलं आनि देवळातल्या घंटेसारखं वाजलं. पत्रा असा वाजत नाय. पालथं घातलं, खरवडलं, तर कोंबड्यांच्या घानीखाली गोल कडा आनि एका अंगाला कान. मला तर रात्रभर झोप नाय. आपला घरचा तवा पातळ, त्यावर घावन मधी करपतो आनि कडेला कच्चा राहतो, हे तू शिमग्याला येतेस तेवा दर वर्षी बोलतेस. आये बोलली, त्या झाकनावर तू घावन करशील तर मी खुराड्यात जाऊन झोपेन. पोलादपूरच्या बाजाराला जुनं लोखंड घेनारा मानूस येतो, तो बदल्यात खजूर देतो, आनि खजूर म्हटलं की आयेला दुसरं काय सुचत नाय. शेवटी बा मधी पडला आनि ठरलं असं, की बाजाराच्या दिवसापर्यंत तव्यावरनं अख्खा घावन निघाला तर तवा घरात, नायतर खजूर.

मग मी चिंच आनि राख घेऊन बसले, तांब्याची कळशी घासतो तशी. संध्याकाळी तवा असा लखलखला की मी आयेला हाक मारून दाखवला. सकाळी उठून बघते तर पुन्हा तांबडा, कालच्यापेक्षा जास्त. आये फक्त बोलली, खजूर. तेवड्यात बानं भाताच्या रोपांसाठी राब भाजायला काढला. शेनी, टहाळ, पाला रचून ठेवलेला, वर माती. मला आठवलं, तू एकदा सांगितलं व्हतंस की बिडावरची घान घासून जात नाय, जाळून जाते. मी कोनाला न सांगता तवा राबात खुपसला. (बाला विचारायचं व्हतं, पन तिथं चार मानसं उभी व्हती, आनि मानसं असली की माझी जीभ कुठं जाते कोन जाने.)

राब छान जळला. सहदेवकाका काठीनं निखारे पसरत व्हता, त्याला आत लाल गोल काय तरी दिसलं. त्याला वाटलं शेतात देव निघाला. मुंडासं काढून त्यानं हात जोडले, मग देवाला थंड करायला कळशी उचलली. आत्या, तापल्या बिडाला पानी दाखवलं की ते उभं तडकतं, हे पन तूच सांगितलेलं. मी ओरडले, काका, पानी नको ओतू. अशी ओरडले की वरच्या वाटेनं कुडपनला जानारी बैलं थांबली. बा मागं वळून बघत राहिला, ही कोनाची पोर म्हनून. मग मीच बांधामागं जाऊन बसले ती तवा आपोआप निवेस्तोवर.

निवला तेवा करडा, कोरा, जसा आजच ओतलेला. काथ्यानं पुसला. आता तेल पाजायचं, पन गोड्या तेलाची बुधली आयेच्या उशाशी. म्हनून मी माझं डोक्याचं खोबरेल पाजलं, माक्याचा पाला घालून कढवलेलं. पहिला घावन उलथन्याला गोळा होऊन आला आनि घरभर वास कसला, तर वेनी घालताना येतो तसला. कुत्र्याला टाकला. त्यानं हुंगला आनि माझ्या डोक्याकडं बघितलं. बाजार दुसऱ्या दिवशी, आनि मी चुलीशी रडत बसलेली. तेवा आयेनं तेलाची बुधली माझ्यापुढं सरकवली. मग कांद्याच्या फोडीनं तेल लावलं, तापवला, निववला, पुन्हा लावलं, जोवर तो कावळ्यासारखा काळा झाला नाय तोवर. बाजाराच्या सकाळी घावन टाकला. जाळी पडली. कडा आपनच सुटली. आयेनं पहिला उभ्यानं खाल्ला आनि दुसऱ्याला बसली. लोखंडवाला वाटेत भेटला त्याला बोलली, तुझा खजूर तूच खा.

मामांना नमस्कार सांग, कंबरेला शेक घे.

तुझी भाची,
आवडी

ता. क. शेजारची चंद्राबाई रोज सकाळी ओटीवर येऊन घावन खाते. काल चौथा घावन खाताना बोलली, ही चव मी वळखते, हा माझा तवा. आत्या, तुझ्या लग्नाला तो मागून नेलेला, परत आलाच नाय, बोलते. तांब्यापितळेवर नावं कोरलेली असतात, बिडावर कोन कोरतंय? खुराड्याच्या दाराला इतकी वरसं व्हता तेवा तिनं वळखला नाय. आये चूल फुंकायला लागली. मला चंद्राबाईसमोर बोलवत नाय, सगळा आवाज राबावर संपला. खरं काय ते तुलाच ठाव. तेवा मामांना लिवायला सांग की तवा आपला हाय, आनि हे अगदी वरच्याच ओळीत लिवा. आपल्या ओटीवर पोस्टमन पत्र मोठ्यानं वाचतो, सगळी वाडी ऐकते, चंद्राबाई तर पुढं बसते. (मला वाचता येतं हे त्याला सांगायची मला लाज वाटते.)

ता. क. दुसरा. तवा खरंच तिचा असला, तर नुसती खुशाली लिवा.

ता. क. तिसरा. हरी मास्तरांनी मिशी काढली.