मधला रकाना

जयपूर

प्रिय मालतीताई,

आज चार वाजता माझी मुलाखत आहे आणि आत्ता दहा वाजलेत. तुमची वही समोर उघडी आहे. शेजारी राजा पार्कच्या बाजारातून परवा आणलेली कोरी वही आहे, तिच्यात तुमची बावीस पानं मी माझ्या अक्षरात उतरवली आहेत. तेविसाव्या पानावर हात अडलाय, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. येत्या दिवाळीत तुम्हाला जाऊन दोन वर्षं होतील, आणि मला तुमची आठवण आली ती अशी, गरज पडल्यावर! रागवा खुशाल.

आधी इकडची हकीकत सांगते. मंदी आली, परदेशी ऑर्डरी थांबल्या आणि सीतापुऱ्यातल्या आपल्या कापडाच्या युनिटने जानेवारीत तपासणीतल्या सहाजणींना घरी बसवलं. त्यात मी होते. सचिन कोचिंग क्लासमध्ये शिकवतो, बॅच भरली तर पगार. घरात दीड वर्षाची पोर आहे, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. आठ महिने अर्ज करतेय. सगळीकडे एकच उत्तर, कळवू. एका ठिकाणी तर माझ्यासमोर माझा अर्ज चहाच्या कपाखाली ठेवला.

मग मालवीय नगरात एका कोर्सला गेले. स्वतःचा ब्रँड कसा बनवावा, याचा कोर्स. हसू नका! साबणाला नाव असतं तसं माणसालाही लागतं म्हणे आता. लोकांनी आपल्याला एका गोष्टीसाठी ओळखलं पाहिजे. मी तिथल्या सरांना म्हटलं, मला कापडाचा रंग कळतो, तो टिकेल की उतरेल ते कळतं, आणखी काही येत नाही. ते म्हणाले, "मैडम, काम तो सब करते हैं। बिकता नाम है।"

त्या वाक्यावर मी भाळले, ताई. जावेचा कोट घालून स्टुडिओत फोटो काढला. 'कलर स्पेशलिस्ट' अशी कार्डं छापली. इंटरनेटवर ब्लॉग उघडला आणि दर सोमवारी एक लेख टाकायचा असं ठरवलं. पण लिहू काय? दोन सोमवारांत माझं ज्ञान संपलं. तिसऱ्या सोमवारी मी कपाटातून तुमची वही काढली.

तुमच्या तेराव्याला तुमच्या यजमानांनी, काकांनी, ती माझ्या हातात दिली होती. मला आता नीट दिसत नाही, तुझ्या कामाची आहे, म्हणाले. तुमचे ते तीन रकाने! काय बिघडलं, कोणाकडून, पुन्हा काय करायचं. आणि प्रत्येक पानाला टाचलेला त्या बिघडलेल्या कापडाचा तुकडा. सोलापूरच्या रंगखान्यात वडिलांच्या हाताखाली शिकलेली पद्धत, असं तुम्ही सांगायचात. कोणी आपल्या कामाचं कौतुक करायला लागलं की तुम्ही चपला शोधायला लागायचात. "कापड खोटं बोलत नसतंय, वर्षा. माणसानं धुऊन बघायला पायजे," एवढंच तुमचं भाषण.

पहिला आणि तिसरा रकाना मी इंग्रजीत करून ब्लॉगवर टाकत गेले. मधला सोडला. तुमचं नाव कुठेच घातलं नाही. का? सुरुवातीला मनाशी म्हटलं, ताईंना नावाची हौस कुठे होती? ही पळवाट बरी सापडली मला!

लोक वाचायला लागले. मतलब, खरोखरच वाचायला लागले. एका एक्स्पोर्टरने शंका विचारली, तुमच्या अकराव्या पानावरून उत्तर दिलं, तो 'मॅडम, मॅडम' करायला लागला. आणि सगळ्यात जास्त वाचला गेला तो लाल रंगाचा लेख.

ओळखलंत ना कुठला? तो शनिवार. लाल छापाचे, पांढऱ्या किनारीचे पलंगपोस होते, चार वेळा वेगवेगळे रंगवलेले चार लॉट. घरी मला बघायला सचिनकडची मंडळी येणार होती आणि साडेपाचची बस चुकवून चालणार नव्हतं. मी एकाच लॉटचा तुकडा धुतला आणि चारही कागदांवर सही ठोकली. दोन महिन्यांनी माल परत आला. लाल रंग किनारीत उतरलेला. सेठजींनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कोणी पास केलं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, विभाग माझा, जबाबदारी माझी.

आणि मी तोंड उघडलंच नाही. तेव्हा नाही, त्या संध्याकाळी नाही, माझ्या लग्नात तुम्ही ओटी भरलीत तेव्हाही नाही. तुम्हाला मिळायची बढती दुसऱ्याला गेली. सहा महिन्यांनी तुम्ही नोकरी सोडलीत. मला म्हणालात, आता घरी बसून आराम करणार. मी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं.

आता ब्लॉगवर मी काय लिहिलं ते ऐका. लिहिलं, माझ्या एका सहकारी बाईंनी घाई केली, आणि त्यातून मी शिकले की प्रत्येक लॉट धुऊन पाहावा.

त्या लेखामुळेच फोन आला. मोठं बाइंग हाउस आहे, इथल्या कारखान्यांतून परदेशी दुकानांसाठी माल घेणारं. नवे साहेब देशपांडे, पुण्याकडचे. तपासणीप्रमुख पाहिजे म्हणाले. बोलता बोलता विचारलं, त्या सहकारी बाईंचं पुढे काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, त्यांनी नोकरी सोडली.

ताई, यातला एक शब्दही खोटा नाही. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नाही.

मग ते म्हणाले, ब्लॉगवर वहीच्या कोपऱ्याचा फोटो पाहिला, मराठीत दिसतेय. घेऊन या, मला वाचायची आहे. इतके दिवस मी निर्धास्त होते, कारण जयपूरच्या या धंद्यात तुमचं ते घाईचं मराठी वाचणार कोण? आपली भाषा म्हणजे मी कुलूप समजत होते.

म्हणून नवी वही आणली. माझं अक्षर, तुमचे तुकडे, आणि मधल्या रकान्यात नावं गाळून 'कारागीर', 'मदतनीस' असलं काहीतरी. बावीस पानं बिनबोभाट झाली. तेविसावं लाल रंगाचं निघालं.

तुमच्या वहीत असं आहे. काय बिघडलं: लाल किनारीत उतरला. कोणाकडून: वर्षा, चारपैकी एकच लॉट धुतला. पुन्हा काय करायचं: दर लॉटचा तुकडा धुवायचा, आणि घरी कार्य असेल त्या दिवशी वर्षाला सही करायला लावू नये, लवकर सोडावं.

हे वाचूनसुद्धा मी नव्या वहीत मधल्या रकान्यात पेन टेकवलं आणि 'मा' लिहिलं. तुमच्या नावाचा 'मा'. तिथे हात थांबला. नोकरीसाठी मी तुम्हाला आणखी एकदा दोषी करायला निघाले होते, तेही तुमच्याच वहीत!

आणि आठवलं ते तेराव्याचं. काकांनी वही देताना म्हटलं होतं, "हिच्या हातून जन्मात एकच चूक झाली, तीच हिला लागली." माझ्या हातात वाटीभर खीर होती. मी ती पीत राहिले.

आता उठते. आधी काकांकडे जाऊन येते, मग पुढचं लिहिते.

दीड वाजला. जाऊन आले.

काका बाहेरच्या खोलीत होते. मी उभ्यानेच सांगितलं आणि ते पान वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे तिची नजर शाबूत होती."

मला आधी कळलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "मीच मागे लागलो होतो. तुला आता रंग दिसत नाहीत, सोड ही नोकरी. रोज म्हणायचो."

ताई, तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतंत? नवऱ्यालासुद्धा? माझं नाव झाकायला तुम्ही आपले डोळे गेले असं ऐकून घेतलंत? मला तुमचा राग येतोय, खरंच येतोय. एवढं कोणी कोणासाठी करू नये. करून घेणाऱ्याने मान वर कशी करायची?

काकांनी मला बस म्हटलं नाही. चहा विचारला नाही. तेराव्याला तू माझ्यासमोर उभी होतीस, एवढंच म्हणाले, आणि मी हो म्हटलं. मुलाखतीचं, ब्लॉगचं सगळं सांगितलं. निघताना म्हणाले, "वही ने. पण संध्याकाळी परत आण. मला पहिल्या पानापासून वाचून दाखव." ही माफी नाही, मला कळतं. त्यांना तुमचं अक्षर ऐकायचंय आणि डोळे तेवढे माझे घ्यायचेत.

तीनला निघते. त्याआधी तुकडे परत तुमच्या वहीत टाचते, नवी वही घरीच राहील. देशपांडे साहेबांसमोर तुमची वही ठेवीन, तेविसावं पान उघडीन आणि त्यांनी फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नीट देईन. घाई केली ती मी, आणि नोकरी सोडली ती मालतीताईंनी. यानंतर मला कोण ठेवील? घरी सचिनला काय सांगू?

नोकरीचं वचन देता येत नाही. एक मात्र देते. आज संध्याकाळी, आणि वही संपेपर्यंत रोज, मी काकांना वाचून दाखवीन. ते बोलोत, न बोलोत. तिन्ही रकाने वाचीन, आणि माझं नाव येईल तिथे आवाज खाली नेणार नाही.

तुमच्या हाताखालची,
वर्षा