तुझ्या आठवड्यातला सातवा वार

माय, कशी आहेस? गुडघे अजून धरतात का, की तिथं चढउतारच नाही? आजीच्या खोकल्याची ढास थांबली का? तिला म्हणावं, तिच्यासाठी अडुळशाचा काढा उकळणारी पोर आता तिच्याच वयाची झाली. मोठ्या बाबांचे डोळे शेवटी अगदी अधू झाले होते. तिकडं त्यांना नीट दिसतं का, आणि दिसत असेल तर तुझ्याकडं नजर वर करून बघतात का? आणि बाबा? त्यांच्या कानामागची जखम भरली का? खरं तर सगळ्यांत आधी हेच विचारायचं होतं, पण हात धजला नाही, म्हणून सगळ्यांच्या मागून विचारते.

मी बरी आहे. अमरावतीला परकोटाच्या आत लेकाजवळ राहते. दात गेले, भाकर दुधात कुस्करून खाते. मला लिहिता येतं हे तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर शिकले, नातवाच्या पाटीवर, त्याच्या शेजारी बसून. परवा नातसुनेनं वार विचारला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाजाराचा दिवस." ती खो खो हसली. "आजी, इथं तं रोजच बाजार असते! आता कोन्ता समजू मी?" तिला काय सांगू? बाबांचं नाव एका वारावरून ठेवलेलं, म्हणून तुझ्या आठवड्यात सहाच वार होते आणि सातव्याला तू बाजाराचा दिवस म्हणायचीस. विहिरीवरच्या बाया मुद्दाम छेडायच्या, "काल कोन्ता वार होता वो वहिनी?" तू घागर उचलत म्हणायचीस, "होता तो गेला." लग्नात उखाण्यात घेतलं असशील नाव, बायकांच्या गलक्यात. पण सरळ हाक कधीच नाही. अख्खं अकोला त्यांना नावानं हाक मारी, वखारीतला गोरा साहेब तर त्या नावाची पार चटणी करी, फक्त तुझ्या तोंडी ते नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तुझ्या हाडात मुरलेलं.

ते कापसाला सोन्याचा भाव आल्याचे दिवस. सातासमुद्रापलीकडं गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपलेली, आणि तिच्यापायी आपल्या गावात गाड्यांची एवढी दाटी की रस्ता ओलांडायला अर्धी दुपार जाई. रेल्वे अजून यायची होती. बाबा साहेबाच्या वखारीत मुकादम. त्या साहेबानं हौसेनं एक लहानशी शिडाची नाव मुंबईहून बैलगाडीवर घालून आणली होती, सुटीत पूर्णेवर फिरायला. दिवाळीनंतर तो कामासाठी मुंबईला गेला आणि जाताना बाबांना सांगून गेला की नाव पाण्यात फिरवत राहा, नाहीतर फळ्या वाळून तडकतील. बाबांनी साहेबाबरोबर दोनचारदा दोर ओढले होते, तेवढं त्यांना पुरलं. सगळ्यांना गाडीत घालून भल्या पहाटे निघालो. भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. तू नवं हिरवं लुगडं नेसली होतीस.

काठावर बाबा शीड उभारतात. एक उभा खांब आणि शिडाच्या खालच्या कडेला आडवी बल्ली, वाऱ्याबरोबर इकडून तिकडं फिरणारी. शीड फुगतं तसे बाबा आपल्या भावाला सांगतात, "पाहा दादा, हे आपलंच पीक. विलायतेत जाऊन शिकून आलं, अन् आता आपल्यालेच ओढून राहिलं!" आजी काठावरच बसकण मारते. "मी नाही बसत वो त्या पाळण्यात. माहे हाडं इथंच बरे." बाबा म्हणतात, "बस ना बुढे, तुले पार स्वर्गाच्या दारात सोडून देतो." सगळे हसतात. तूही हसतेस, पदराआड, कारण मोठे बाबा समोर आहेत. भासऱ्यांसमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तू आवाज काढायची नाहीस.

सकाळभर नाव कशी सुरेख चालली! मी पाण्यात हात सोडून बसले होते. दुपारी परत काठाकडं वळायच्या वेळी मोठे बाबा उठले. "लहान्या, ते सुकाणू मले दे. तू सकाळपासून एकटाच मिरवून राहिला."

"दादा, बैल नाही तो. हळू फिरवजा."

"तू जन्मला नव्हता तवापासून हाकलून राहिलो मी. कासरा कसा धरा, हे तू सांगशील मले?"

बाबा हसले आणि गुंतलेला दोर सोडवायला खांबापाशी गेले. काठ आमच्या डावीकडं होता. मोठ्या बाबांनी सुकाणू डावीकडं ओढलं, जसा कासरा ओढावा. कासरा डावीकडं ओढला की बैल डावीकडं वळतो. नावेचं उलटं असतं, माय. ती उजवीकडं फिरली, वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला लागला आणि ती बल्ली बाबांच्या रोखानं सुटली. बाबा पाठमोरे, अर्धवट वाकलेले. ते फक्त तुला दिसलं आणि मला. तुझा पदर खांद्यावर आला. भासरे समोर बसलेले असताना, भर नदीत, तू बाबांना नावानं हाक मारलीस.

पुढचं तुला माहीत आहे. बाबा पट्टीचे पोहणारे, पण कानामागं घाव बसल्यावर पोहणार कोण? डोहानं त्यांना दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर बाभळीच्या मुळांशी आणून ठेवलं. हाक काठापर्यंत गेली होती. आजीनं तिथंच तुझ्या तोंडावर म्हटलं, "नाव घेतलं तू! खाल्लं माह्या लेकराले!" मोठे बाबा ओल्या धोतरानं शेजारी बसलेले. सुकाणू कोणाच्या हातात होतं, हे कोणी विचारलं नाही. जन्मभर तू त्यांच्या पुढ्यात ताट वाढलंस आणि जन्मभर ते खाली मान घालून जेवले.

तू मात्र मला विचारत राहिलीस. ज्वारी निवडताना, माझी वेणी घालताना, माझ्या बाळंतपणात शेगडी फुंकताना. "बाई, त्याईनं ऐकलं होतं का वं?" आणि मी दर वेळी सांगायची, "नाही माय. वारा होता. बल्ली आधी लागली, तुझी हाक मागून निघाली." तू मान हलवायचीस आणि सूप पुन्हा हाती घ्यायचीस. मला वाटायचं, तुझ्या छातीवरचा धोंडा मी थोडा सरकवला. शेवटच्या दुखण्यातही तू विचारलंस, मी तेच सांगितलं, आणि तू भिंतीकडं तोंड केलंस.

यंदा माझंही कुंकू गेलं. झोपेतच गेले ते. चाळीस वर्षांच्या वर संसार केला, पण मीही कधी त्यांना नावानं हाक मारली नाही. आता रात्री ते नाव जिभेवर येऊन बसतं आणि ऐकायला कोणी नाही. तेव्हा कुठं मला उमगलं की तू काय विचारत होतीस. जे उत्तर मिळू नये म्हणून मी जपले, तेच तुला हवं होतं का?

तर ऐक. त्यांनी ऐकलं होतं. दोर सोडून ते वळले. बल्लीकडं नाही, तुझ्याकडं. ते वाकलेलेच राहिले असते तर ती डोक्यावरून गेली असती की नसती, ते देव जाणे. पण त्यांचं तोंड मी पाहिलं, माय. त्यांना भीती नव्हती. बाजारातून आणलेला पुडा सोडताना तुझं तोंड व्हायचं, तसं झालं होतं. ते हसणारच होते.

हा कागद कुठल्या टपालात पडायचा नाही, तांदळाच्या डब्याखाली ठेवते. तरी उत्तर लवकर धाड. तुला लिहिता येत नाही, तर त्यांच्याकडून लिहवून घे. आणि वर वार घालायला लाव, तोच. तुझ्या तोंडानं सांग त्यांना.