नऊ मुलींचा केक

द्वारका, नवी दिल्ली
३ डिसेंबर २०२५

प्रिय कादंबरीताई,

सप्रेम जय भीम. जयेश भाऊजींना नमस्कार, वीणाला पापा. तिचा खोकला आता गेला असेल. फरिदाबादची हवा इथल्यापेक्षाही वाईट आहे असं बातम्यांत सांगतात, तिला सकाळी बाहेर काढू नकोस.

आम्ही सगळे ठीक आहोत. बाबा रविवारी रिटायर झाले. सोमवारी सकाळी सवयीने बूट घालून दारात उभे राहिले आणि आईकडे डबा मागितला. आई म्हणाली, "साहेब, आता कँटीन इथेच." बाबा हसले नाहीत.

तुझा मेसेज मिळाला. "लुंबे, मनाला लावून घेऊ नकोस. आईचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. केक छान झाला असणार. तूच इकडे ये." उत्तर लिहायला घेते आणि खोडते. शेवटी कागद घेतला. कागदावर मला सगळं नीट लावून सांगता येतं.

आधी बाबांच्या रिटायरमेंटच्या पार्टीच्या केकचं सांगते.

बाबांना खो-खोचं मैदान हवं होतं. सेक्टरातल्या बेकरीवाल्याकडे क्रिकेट होतं, फुटबॉल होता. खो-खो म्हटल्यावर तो म्हणाला, "मैडम, वो स्कूल वाला गेम? उसमें तो कुछ होता ही नहीं, बनाऊँ क्या?" बाबांना ते इतकं लागलं की दुकानातून बाहेर पडताना म्हणाले, "तू घरीच कर. आपल्या फायनलचं मैदान कर. आठ बसलेल्या, एक धावणारी. नऊच्या नऊ मुली दिसल्या पाहिजेत."

नऊच्या नऊ. बाबांनी शिकवलेल्या आपल्या संघाची कॅप्टन तू, म्हणजे त्या नऊत तू आलीसच, असं मी धरलं आणि त्याच संध्याकाळी तुला फोन केला. "बाबांनी तुला केकवर बसवायला सांगितलंय, आता घरात यायला काय हरकत," हे माझे शब्द. बाबांचे नव्हते. तू दोनदा विचारलंस, "नक्की ना?" आणि मी दोनदा हो म्हटलं.

चॉकलेटचा लांबट केक केला. बिस्किटांचा चुरा पसरून माती केली, पांढऱ्या साखरेने रेषा आखल्या, दोन्ही टोकांना वेफर रोलचे खांब. मुली फाँडंटच्या, म्हणजे साखरेच्या मऊ लगद्याच्या. एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे, हे करताना मी तीनतीनदा तपासलं, कारण बाबा पाहुण्यांआधी तेच तपासणार होते. कॅप्टनची वेणी लांब केली आणि उजव्या गुडघ्याला पांढरी पट्टी गुंडाळली. इतकी बारीक पट्टी की टूथपिकने लावावी लागली. आई बघून म्हणाली, "पट्टी कशाला गं?" मी म्हटलं, "त्याशिवाय ताई कशी वाटेल?" तिने पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पाहुणे आले. बाबांच्या मंत्रालयातले लोक होते, आणि नरसिंह काका, बाबांच्या जुन्या संघातले. केक फ्रिजमधून काढला की फाँडंटला घाम येतो. सगळ्या मुलींचे चेहरे चकाकत होते, जणू खरंच खेळून आल्यात. लोक फोटो काढत होते. बाबा वाकले, एकेका मुलीवर बोट ठेवत मोजत गेले आणि पट्टीपाशी थांबले.

"ही कोण?"

"ताई."

"ही फायनलला होती?"

मी केकची सुरी पुढे केली.

"मी फायनलचं मैदान सांगितलं होतं. फायनलला त्या चौकोनात कोण बसलं होतं?"

"मी."

"आणि काय केलंस?"

सगळे ऐकत होते. मी सांगितलं, की खो मिळायच्या आधीच उठले. फाऊल झाला. नरसिंह काका म्हणाले, "जाऊ दे यशवंत, पोरगी बदली खेळाडू होती." बाबा म्हणाले, "बदलीच आहे. अजूनही." लोक हसले. मीही हसले. ताई, घरात हा शब्द मी रोज ऐकते. भाजीत मीठ जास्त झालं तरी बदली, परीक्षेत नापास झाले तरी बदली. गुडघा वाचवायला तू फायनल सोडलीस. तू बरोबरच केलंस, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण तू उठून गेलेल्या त्या चौकोनात मी सात वर्षं बसले आहे, हे तुला कधी म्हटलं नाही.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

गेटवर काय झालं ते तुला माहीत आहे. वरती काय झालं ते माहीत नाही. फोन बाबांनी उचलला. गार्ड म्हणाला, कादंबरी मैडम आई हैं, साथ में बच्ची है. बाबांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तू बोलावलंस?"

मी मान हलवली.

"संघाच्या मालिशवाल्याची बायको माझ्या घरी." भाऊजींना ते अजून तेवढंच म्हणतात. मग रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तू उठवलंस ना तिला? आता तूच बसव."

आई बाल्कनीच्या दारात होती. तिथून गेट दिसतं. तिने तुम्हाला पाहिलं, वीणाच्या डोक्यावरची लाल टोपीही पाहिली. मग ती आत आली आणि प्लेट्स मांडू लागली.

गार्डने तुला सांगितलं, "मैडम ने मना किया है." ती मैडम म्हणजे आई, असं तू समजलीस. तू तिला लिहिलंस, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. आईने तो मेसेज मला दाखवला आणि म्हणाली, "राहू दे. माझ्यावर रागावेल, पण तुझ्याशी तरी बोलत राहील." आणि हे बोलून ती कणीक मळायला गेली.

मना करणारी मैडम मी होते.

"भैया, इस नाम का हमारे यहाँ कोई नहीं आने वाला. वापस भेज दीजिए." हेच शब्द, याच क्रमाने. तू गेटवर होतीस, कदाचित स्पीकरमधून ऐकलंही असशील आणि ओळखलं नसशील. कारण माझा आवाज कापला नाही. मी नेहमी अडखळते, तेव्हा अडखळले नाही.

रिसीव्हर ठेवल्यावर बाबांनी केकवरची ती मुलगी उचलली, पट्टीसकट, आणि माझ्या तळहातावर ठेवली. "खा." मी खाल्ली. पट्टी कडक झाली होती, दातांत करकरली. मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शाब्बास."

ताई, इथपर्यंतचं मी आईचं न ऐकता लिहिलं. पुढचं आईलाही माहीत नाही. बाबांनी मला शाब्बास कधी म्हटलं नव्हतं. ते मैदानावर फक्त तुला म्हणायचे. खाली तू वीणाला कडेवर घेऊन रिक्षा शोधत होतीस आणि वर मला बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं. मी केकचा दुसरा तुकडा मागून घेतला.

पुढच्या रविवारपासून बाबा सोसायटीच्या मैदानावर मुलींची नवी बॅच घेणार आहेत. सराव मी घ्यायचा असं ठरलं आहे. मी हो म्हटलं.

तू मला फरिदाबादला बोलावलंस. हे वाचल्यावर बोलावू नकोस. आणि आईला एक फोन कर, तिने काही केलेलं नाही.

तुझ्या शेजारच्या चौकोनात, तुझ्याकडे पाठ करून बसलेली,
लुंबिनी