बाबांच्या अंधाऱ्या मागघरासाठी कॅमेरा

आंधळगाव
दसरा झाल्यावर

तीर्थस्वरूप टिकाराममामा,

शालूचा नमस्कार घ्यावा. मामींच्या गुडघ्यांनाही वेगळा नमस्कार (मागच्या खेपेस मामींपेक्षा तेच जास्त बोलत होते). जवाहरनगरला थंडी पडली का? इकडे सगळे बरे आहेत, फक्त मी कॅमेऱ्यांच्या नादाला लागले आहे.

बाबा दिवाळीनंतर माग मोडणार. त्याआधी कोसा रेशीम विणताना त्यांचा एक फोटो हवा, म्हणून भंडाऱ्याला भय्याजींच्या दुकानात गेले. त्यांनी दोन कॅमेरे काढले. एक बारा मेगापिक्सेलचा, चपटा. दुसरा दहाचा, आणि वरून जड! मला वाटलं, जुना माल गळ्यात मारतात. ते म्हणाले, "आकडा नको पाहू बाई, आतला सेन्सर पाहा." सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा तुकडा: चपट्याचा करंगळीच्या नखाएवढा, जडाचा टपालाच्या तिकिटाएवढा. (उघडून दाखवा म्हटलं, तर त्यांनी दोन्ही कॅमेरे स्वतःकडे ओढले.) एसटीत माझ्या डोक्यात तेच. एवढ्याशा बांधीत धानाची रोपं दाटीनं रोवली तर दाणा भरत नाही. मग नखाएवढ्या जागेत बारा मेगापिक्सेल कोंबले, तर एकेकाच्या वाट्याला उजेड येणार किती?

आईच्या माहेरची ओळख म्हणून भय्याजींनी दोन्ही कॅमेरे पारखायला दिले होते. आमच्या मागघराला एकच खिडकी. चपट्याच्या फोटोत बाबांच्या तोंडभर राई सांडल्यासारखे ठिपके आले. आई म्हणे, "यायले गोवर निघाला का वं?" फ्लॅश लावला तर बाबा दचकले, आडव्या धाग्याचा धोटा हातातून उडाला, ताण्याचे उभे धागे तुटले. "कायले डोळ्यात वीज पाडून राहिली?" ते ओरडले. मग जड कॅमेरा घेतला. फ्लॅश नाही, काही नाही, आणि कोशाचा धागा न् धागा दिसला! बाबांच्या कपाळावरची एकूण एक आठीही दिसली. ते बराच वेळ पाहत राहिले. "इतका म्हातारा झालो मी?" म्हणाले आणि मागावरून उठले. तेव्हापासून कॅमेरा दिसला की वावराकडे जातात.

तर मामा, मोठा सेन्सर चांगला हे पक्कं झालं, पण त्याच्यासमोर बसायला माणूस उरला नाही.

तुमची,
शालू

ता. क. : रविवारी नक्की या. बाबा म्हणाले, "टिकाराम बाजूले बसला तर बसतो. माह्याहून लहान आहे, पण दिसते मोठा."

ता. क. २ : केस काळे करून येऊ नका.