लेस्लीच्या सहीची गिटार

५ जुलै १९६४, रविवार

दादाने आईच्या कपडे धुवायच्या टाक्यात प्लायवूड भिजत घातलं आहे!

रशियन मशिनांच्या खोक्याचं प्लायवूड. त्यावर अजून त्यांची काळी अक्षरं आहेत. मी आधी विचारलं, हे आमच्या पोलाद कारखान्यातून आणलं का? दादा म्हणाला, "लिलावातलं हाये. पावती दाखवू का इन्स्पेक्टरबाई?" मी दाखव म्हटलं. त्याने दाखवली. मग मला शरम वाटली, पण बरंही वाटलं.

आई धुणं घेऊन आली आणि दारातच थांबली. "हे का करून राहिले तुमी भाऊ-बहीण?"

"गिटार, माय."

"गिटार भिजवून राहिला? आन् मंग? शिजवशील तिले?"

बाबा व्हरांड्यात रेल्वेचा कोट झटकत होते. ते नुसते हसले.

८ जुलै

लेस्ली आला होता. दादाचा मित्र, देवीदासदादाला "देवी" म्हणतो. अँग्लो-इंडियन आहे, कारखान्यात रूळ बनतात त्या रेल मिलमध्ये. वडील बिलासपूरला इंजिन ड्रायव्हर. इथल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. मागच्या गणपतीत त्याची गिटार लाऊडस्पीकरजवळ गेली आणि अशी किंचाळली की पहिल्या रांगेतल्या बायकांनी लेकरांचे कान झाकले. पोकळ गिटारीला विजेचं यंत्र लावलं की असंच होतं म्हणे. स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, घुमतो, पुन्हा बाहेर येतो. आणि भरीव लाकडाची घ्यावी तर — लेस्ली म्हणाला, "ऐसा लगता है जैसे पाटा बजा रहे हैं।"

त्याच्या मावसभावाने इंग्लंडहून एका कॅटलॉगचं पान पाठवलं आहे. त्यातली गिटार मधली आहे. दोन्ही बाजू पोकळ, पण मधून गळ्यापासून खालपर्यंत भरीव लाकडाचा ठोकळा. म्हणजे गोडवा राहतो आणि किंचाळणं जातं. दादा ते पान असं पाहत होता जसं बाबा नवीन इंजिन पाहतात.

चित्रात तारांच्या बाजूला एका छोट्या पट्टीवर कुणाची तरी सही आहे. दादाने विचारलं, हे नाव कोणाचं? लेस्लीने सांगितलं, तिकडच्या एका मोठ्या वाजवणाऱ्याचं. कंपनी त्याला विचारून, त्याच्या हाताला बसेल अशी गिटार बनवते आणि मग त्याची सही लावते.

"मंग आपल्या गिटारीवर तुही सही," दादा म्हणाला.

लेस्ली आधी हसला. मग हसायचा थांबला. "नाम ऐसे नहीं देते, देवी। पहले बजाऊँगा। दिल माना तो दूँगा।"

दादाला राग येईल असं वाटलं. उलट तो खूश झाला! मला म्हणाला, "पाह्य, वसू, याले म्हनतात गिऱ्हाईक."

१२ जुलै

आज माझं काम. गिटारीचे पडदे, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या कांड्या, कुठे बसवायच्या ते काढणं. पानावर तारेची लांबी छापलेली आहे — पावणेपंचवीस इंच. एकेक पडदा उरलेल्या लांबीचा साधारण अठरावा भाग सोडून येतो. साधारण म्हणून मला चालणार नव्हतं. लॉग टेबल काढलं, नीट हिशोब केला.

घरात मॅट्रिक झालेली मी पहिली. बाबा अजून सही करताना जीभ बाहेर काढतात. ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले तेव्हा आईने पेढे वाटले, पण मी तिथे नेमकं काय करते हे तिला सांगता येत नाही. "माही पोरगी कारखान्याचे नकाशे गिरवते," एवढंच सांगते. आज दादाच्या हातात तक्ता दिला तेव्हा तो म्हणाला, "हे तुह्या डोक्यातून निंघालं?" मी म्हटलं, पुस्तकातून. पण आतून छाती फुगली होती.

१३ जुलै

तक्ता परत तपासला. बरोबर आहे.

१४ जुलै

परत तपासला.

९ ऑगस्ट

बाजू वाकल्या! भिजवलेलं प्लायवूड गरम नळीवर दाबत दाबत दादाने असं वळवलं की एक चीर नाही. तो पॅटर्न शॉपमध्ये आहे — ओतकामासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात, त्यावरून वाळूत साचा होतो, साच्यात लोखंड ओततात. तिथे केसभर चूक झाली तर टनभर लोखंड वाया. असा हात! मधला ठोकळा सागाचा, गळाही सागाचा. वरच्या पाट्याला दोन वळणदार फटी. त्यांतून वाकून पाहिलं तर आत रशियन अक्षरं दिसतात. मी पुसू का विचारलं. "राहू दे. तेयले बी आयकू दे," दादा म्हणाला.

गळ्यावरचे पडदे त्याने माझ्या तक्त्यावरून बसवले. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीची जागा मात्र मी स्वतः ऑफिसची मोजपट्टी आणून मोजली आणि खूण केली. पट्टी दुसऱ्या दिवशी परत ठेवली. (साहेबांना विचारलं होतं.) दादा चिडवत होता, "माह्यावर भरोसा नाही बाईचा." भरोसा आहे. पण लांबी शेवटी दोघांनी वेगवेगळी मोजलेली बरी, नाही का?

२३ ऑगस्ट

लेस्लीने कागदावर सही करून दिली. ती मोठी करून पितळेच्या पट्टीवर उतरवायची आहे, दादा नंतर कोरणार. लेस्लीने अजून होकार दिलेला नाही, पण पट्टी तयार असावी म्हणून.

दुसऱ्याची सही गिरवणं! सारखं वाटत होतं, हे पाहून कुणी काय म्हणेल. मग लेस्लीलाच समोर बसवलं. तो म्हणाला, "सिस्टर, बैंक में मेरे सत्रह रुपये हैं। ले लेना।"

शेवटचं वळण माझं त्याच्यापेक्षा चांगलं आलं. तसं त्याला सांगितलं नाही.

६ सप्टेंबर

तारा चढल्या, विजेचं यंत्र बसलं.

आधी चांगलं लिहिते. लेस्लीने ती स्पीकरला अगदी टेकून धरली. दादाने डोळे मिटून घेतले होते. काही नाही! किंचाळणं नाही, घुमणं नाही. फक्त सूर. मोठा, गोल, शेपटीसारखा लांब जाणारा सूर. शेजारच्या भागाबाई कणकेच्या हाताने दारात आल्या. लेस्ली म्हणाला, "सुनो, सुनो, ये तो गाती है!" आणि खरंच, पाट्यासारखी वाजत नव्हती, पोकळ डब्यासारखीही नाही. आई आत होती, तिने स्टोव्ह बंद केला — ऐकू यावं म्हणून!

मग तो गळ्यावर वर वर गेला. आणि त्याचा चेहरा बदलला.

वर गेलं की सूर हवा त्यापेक्षा चढा लागतो. मोकळी तार बरोबर, खालचे पडदे जवळजवळ बरोबर, आणि जसजसं वर जावं तसतसं बेसूर. त्याने दोनतीनदा करून पाहिलं. मग गिटार अगदी हळू गादीवर ठेवली, जसं कुणी झोपलेलं मूल ठेवावं.

"देवी, आवाज़ ऐसी मैंने कहीं नहीं सुनी। मगर इस पर मैं नाम नहीं दे सकता।"

दादा म्हणाला, "देऊ नको. खोटं नाव मले बी नाही पायजे."

सही कोरलेली पितळेची पट्टी फळीवर पालथी घातली आहे. पडद्यांचा हिशोब माझा. दादा एकदाही तसं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१० सप्टेंबर

गणपती बसले. मंडळाचे सेक्रेटरी श्यामराव — वर्ध्याचे, कारखान्यात ऑफिसर — दादाला म्हणाले, "एकोणीस तारखेले ऑर्केस्ट्रा हाये देवीदास. तुमची नवीन गिटार येते का नाही ते सांगा. मागच्या सालासारखं गणपतीले कानात कापूस घालाची पाळी नको आणू." लोक हसले. दादाही हसला. घरी येऊन जेवला नाही.

१३ सप्टेंबर

सगळा हिशोब पहिल्यापासून केला. दुसऱ्या लॉग टेबलवरून केला. तेच आकडे. मग एकेक पडदा दाबून ऐकत बसले — बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचा बरोबर वरचा सा यायला हवा. येत नाही. थोडा चढा येतो. सहाही तारांवर. बोटांची टोकं इतकी दुखतात की पेन धरवत नाही.

लेस्ली म्हणतो, जुनीच वाजवतो, स्पीकरपासून लांब उभा राहतो. दादा म्हणतो, ठीक. मला ठीक वाटत नाही. इतकी सुंदर वस्तू, आणि माझ्या आकड्यामुळे ती मुकी राहणार!

१७ सप्टेंबर, गुरुवार

विश्वकर्मा पूजा. आज कारखान्यात घरच्या लोकांना सोडतात. आई जरीचं लुगडं नेसून आली होती. पॅटर्न शॉपमध्ये लांब टेबलावर लाल कापड, त्यावर सगळी हत्यारं ओळीने — रंधे, पटाशा, करवती, स्क्रू फिरवायचे पेचकस. प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. दादा आईला एकेक दाखवत होता. आई प्रत्येकाला हात जोडत होती.

टेबलाच्या कडेशी मोजपट्ट्या मांडल्या होत्या. सगळ्यांचं एकेक टोक कडेला लावलेलं, अगदी सरळ रेघेत. आणि दुसरी टोकं सरळ रेघेत नव्हती.

मी वाकले. दोन पट्ट्या. दोन्हींवर चोवीस इंच कोरलेले. एक दुसरीपेक्षा पाव इंच लांब!

"दादा, ही कोणती पट्टी?"

"माही. श्रिंकेज स्केल. ओतलेलं लोखंड थंडं झालं का आकसते ना, म्हून नमुना मोठा कराचा. तं या पट्टीचा इंचच मोठा ठेवला असते, हिशोब कराची गरजच नाही." आणि बोलता बोलता थांबला.

"पडदे हिनंच मोजले?"

"पॅटर्नवाला दुसरी पट्टी हातात धरते का, वसू?" त्याचा आवाज बारीक झाला. "हात आपोआप हिच्याच वर जाते."

म्हणजे पडदे मोठ्या इंचाने आणि माझी घोडी खऱ्या इंचाने! दोघंही काळजीने मोजत होतो, दोघंही बरोबर, आणि म्हणूनच चुकलं. मी घोडीची खूण त्यालाच करू दिली असती तर गिटार नुसती जरा लांब झाली असती, सुरात असती. पडद्यांना काही करायला नको. घोडी पाव इंच मागे — बस!

मी तिथेच, सगळ्या लोकांत, मोठ्याने हसले. आई म्हणाली, "देवाच्या पूजेत काहाले दात काढून राहिली?"

घरी पळत सुटावंसं वाटत होतं. पण आज हत्यार हातात धरायचं नाही. आजचा दिवस त्यांचा. दादाने पेचकसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा हात जोडले. म्हणाला, "उद्या."

परवा कार्यक्रम आहे!

१८ सप्टेंबर

दोघंही ड्यूटीवरून धावत आलो. घोडी काढली. ठोकळा भरीव आहे म्हणून नवीन जागी स्क्रू घट्ट बसले. बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं.

आला. वरचा सा. सहाही तारांवर!

दादा म्हणाला, "आणखीन एक डाव." असं किती वेळा म्हणाला, मोजलं नाही. लेस्लीला निरोप गेला. तो जेवणाच्या ताटावरून उठून आला, उभ्यानेच वाजवायला लागला, वर, आणखी वर, जिथे त्या रविवारी थांबला होता तिथून पुढे. वाजवणं संपवून फळीवरची पितळेची पट्टी स्वतः सरळ केली आणि दादासमोर धरली.

"लगा दे।"

१९ सप्टेंबर

आज लिहिताना अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. लेस्ली मुद्दाम स्पीकरला पाठ टेकून उभा राहिला! पहिल्या रांगेतल्या बायकांचे हात आधीच कानांकडे गेले होते. मग हळूहळू खाली आले. मागे कारखान्यातले रशियन लोक बसले होते, त्यांतला एक जाडा गृहस्थ उभाच राहिला आणि शेवटपर्यंत बसला नाही.

मी गिटारीकडे पाहत होते. पिवळ्या दिव्यात सही चमकत होती. माझ्या हातची, त्याची सही. सगळ्यांत वरच्या पडद्यापर्यंत एकही सूर हलला नाही.

श्यामराव दादाजवळ आले. "देवीदास, हे कोण्या कंपनीची म्हनायची?"

बाबा — जे कधी चारचौघांत बोलत नाहीत — मधेच म्हणाले, "आमच्या घरची."

११ ऑक्टोबर

दर रविवारी कोणी ना कोणी येतं. आज बिलासपूरच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचे दोघे आणि नागपूरचा एक. गिटार मांडीवर घेतात, आधी ठोकळ्यावर टकटक करतात, मग बाजूच्या पोकळीवर. मग वाजवतात, आणि तो लांबलेला सूर ऐकून सगळ्यांचा चेहरा एकसारखाच होतो. नागपूरकर म्हणाला, तार नेहमीपेक्षा जरा ताणलेली लागते, पण बोटाखाली पळत नाही, मजा येते. "हे मुद्दाम लांब ठेवली का?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सगळं सांगितलं, पट्टीसकट. नागपूरकर म्हणाला, "मले बी त्याच पट्टीनं करून द्या!"

आई चहा करून थकली. "पाहुने येतेत पोरीसाठी नाही तं गिटारीसाठी." पण कप नवीन काढले.

६ डिसेंबर

लेस्लीला इंग्लंडला राहायला जायचा कागद आला. सकाळच्या मेलने गेला — आईवडिलांसकट, कायमचा.

गिटार नेली नाही. काल संध्याकाळी पेचकस मागून घेतला, सहीची पट्टी स्वतः काढली आणि खिशात घातली. "वहाँ दुकान में ऐसी बहुत टंगी होंगी, देवी। ये यहाँ बजनी चाहिए। नाम उसका, जो बजाए।" दादा रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "पन वाजवंल कोन?"

मी म्हटलं, "मी." आणि कुणी काही म्हणायच्या आत ती मांडीवर घेतली.