चौदा बारीक हूक

१४ ऑगस्ट २००६, बार्शीटाकळी
वही घेऊन सहा दिवस झाले. लिहिणं मात्र आज-उद्या करत राहिलो. तिवस्यात पाट्या रंगवल्या, धारणीत जीपवर क्लीनर झालो, आता इथे निखत मॅडमचा मदतनीस. कॉलेजमागे राहायला खोली, वर पंखा! आणखी काय पाहिजे? मॅडम माशांच्या कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींचा अभ्यास करतात. मी बाजारातून मरळ आणायची, कल्ले कापायचे, कृमी ब्रशाने उचलून सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर ठेवायचे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या मागच्या टोकाला, कडेनं, चौदा बारीक हूक असतात. मधले मोठे दोन जोड नंतर फुटतात. मग पकड सुटत नाही.

१७ ऑगस्ट
पाट्या रंगवायची सवय जात नाही: ब्रशाचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं. मॅडमनी पाहिलं. चाटू नको रे येड्या, हा काय रंगाचा डबा हाय, म्हणाल्या. माणसाले लागते का, मी विचारलं. तुले कल्ले हायेत का, म्हणून हसत सुटल्या. नत्थुजीच्या टपरीवरची भजी मात्र झकास.

२० ऑगस्ट
घशात काहीतरी टोचतंय. मरळीचा काटा असेल. भाताचे गोळे गिळले. गेला नाही.

२२ ऑगस्ट
डॉक्टर टॉन्सिल म्हणाले. मॅडम पंधरा दिवस बाहेरगावी, फोन लागत नाही. सहज म्हणून माझीच थुंकी काचेवर घेतली.
कडेनं चौदा. तीनदा मोजले.

२४ ऑगस्ट
मधला एक जोड फुटलाय. मिठाच्या पाण्यात माशाचे कृमी सुटतात. मुठीमुठीनं मीठ घेतलं, गुळण्या केल्या— रक्त आलं. ते नाही आले.

२५ ऑगस्ट
दोन्ही जोड. श्वासाला शिट्टी. काचेवर नुसता खोकलो, तर त्या ओलाव्यात पिल्लं पोहत होती. आता कोणासमोर श्वासही— खोलीतच राहीन. माझं माझ्यापाशी संपू दे.

२६ ऑगस्ट
आवाज गेला. अंधारी येते—
फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं. प्रणाली! माझी बहीण, तिवस्याहून, न कळवता. कडेवर तिची पोरगी. दाराची कडी मोडकी, ओरडता येत नाही. हे पान फाडून दाराखालून सरकवतो.
प्रणाली, तिथंच थांब. दार ढकलू नको. पोरीला माझ्याकडे देऊ न—